आपल्या भाषेतलं माणूस

कचेरीत दोन भाषा येणारी ती एकटीच. साहेब लोकांना फक्त कचेरीची भाषा यायची, आणि दारात बसलेली निम्मी माणसं घरची भाषा बोलणारी. मग काय, कुणाला डॉक्टरांचं बोलणं समजत नाही, बोलवा ताईला. घरमालकाशी भांडायचंय, ताई कुठे आहेत? दोन भाषा येतात म्हणजे माणसानं काय गुन्हा केला? बरं, पगार मात्र एकाच तोंडाचा.

तिचं खरं काम मुलांचं. घरात मारहाण होत असेल तर मूल तिथून हलवायचं आणि घर ताळ्यावर आलं की परत द्यायचं. त्या दिवशी छोटीच्या आईची बैठक होती. बापानं पिरगाळून छोटीचा हात मोडला, तेव्हापासून ती बालगृहात होती. बापाला घरात पाऊल टाकायची बंदी होती. आईनं ती पाळली असेल तर पोर आजच घरी जाणार होती.

बैठकीआधी दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आई ताईला अगदी खेटून बसली. घर झाडून-पुसून आले, पोरीचं अंथरूण उन्हात घातलंय, असं काय काय सांगत होती. मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "तुम्ही आपल्या म्हणून सांगते हं ताई. तो आला होता रविवारी. पाया पडला माझ्या. जेवू घातलं, राहू दिलं."

ताई बाकावर जरा बाजूला सरकली. "अहो, मला कशाला सांगितलंत?"

"मग कुणाला सांगू? इथे माझं बोलणं कळतंय कुणाला?"

पहिल्याच भेटीत ताईनं बजावलं होतं, मला सांगाल ते माझ्यापाशी राहणार नाही, वर सांगावं लागेल. पण ते सांगितलं घरच्या भाषेत, समोर बसून चहा पिताना. छोटीची आई हसली होती. तोंडदेखलं बोलायचं असतं तसं बोलतायत बिचाऱ्या, असं वाटलं तिला. आपल्या भाषेतलं माणूस आपली चहाडी करेल, हे तिच्या डोक्यातच शिरेना.

"आणि छोटी आल्यावर तो आला तर?" ताईनं विचारलं.

"बदललाय हो आता तो," आई म्हणाली, पण ताईकडे न बघता.

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

बैठकीत दुभाषी म्हणूनही ताईच. त्या कामाचा नियम एकच, समोरचा बोलेल ते जसंच्या तसं बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. निकाल देणाऱ्या मोठ्या बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "विचारा त्यांना, नवरा घरी आला होता का?"

ताईनं विचारलं. आई तिच्याकडे बघून गोड हसली. "ताई, तुम्हीच सांगा ना. तुम्हाला सगळं माहीतच आहे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. 'नाही आला' म्हटलं की संपलं, पोर घरी. त्या खोलीत ताईची लबाडी पकडणारं कुणीसुद्धा नव्हतं आणि तिला त्याचीच भीती वाटली. हाताला प्लास्टर घालताना छोटीला तिनंच धरलं होतं. पोर दात आवळून म्हणाली होती, "आईला सांगू नका दुखतंय म्हणून, ती रडते." ती आई इथे शेजारी बसली होती, आणि ताईला दोघींची दया येत होती. दया येऊन उपयोग काय?

"ताई, तुम्हीच सांगा, तुम्हाला सगळं माहीतच आहे," ताई कचेरीच्या भाषेत बोलली.

मोठ्या बाईंनी मान वर केली. "काय माहीत आहे तुम्हाला?"

ताईनं सांगून टाकलं. रविवार, पाया पडणं, जेवण, सगळं. ती बोलत होती आणि शेजारी आई काही न कळताच प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. मध्येच तिनं ताईच्या पाठीवरून हात फिरवला. ताईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

निकाल लगेच झाला. छोटी घरी जाणार नाही, तिच्यासाठी दुसरं कुटुंब बघायचं. "सांगा त्यांना," मोठ्या बाई म्हणाल्या.

आई उठून पदर सावरत होती. "काय म्हणाल्या? आत्ताच जायचं का आणायला?"

ताईनं सांगितलं. हळू सांगितलं, पण घरच्या भाषेत सांगितलं म्हणून ते काही कमी लागलं नाही. आई मटकन खाली बसली.

"तुम्ही सांगितलंत?"

"हो."

आई रडली नाही, ओरडली नाही. ताईकडे पाठ करून, आपलं बोलणं ज्यांना कळत नाही त्या मोठ्या बाईंशीच ती बोलायला लागली. मोठ्या बाई गोंधळल्या. "काय म्हणतायत त्या?"

"हिनं केसानं माझा गळा कापला," ताई म्हणाली. "माझं पोर हिनं नेलं. ही बाई मला नको. मला दुसरं माणूस द्या."

मोठ्या बाईंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "दुसरं कुणी नाही आपल्याकडे. सांगा त्यांना."

आणि ताईनं तेही सांगितलं.