टाकाच्या कपाटाचं दार

फाट् असा आवाज झाला तेव्हा घरातली तिघंही जेवायला बसली होती. चिमणाबाईंनी हातातला घास खाली ठेवला, पदर सारखा केला आणि देवघराकडं बघून म्हणाल्या, "झालं. पुन्हा रागावले."

रागावले म्हणजे त्यांचे मालक, फत्तेसिंहराव. कार्तिकात वारले, आणि तेव्हापासून बाजवा गावच्या या घरात त्यांचा वावर जिवंतपणी होता त्याहून वाढला. घराण्याच्या रीतीप्रमाणं सोनारानं त्यांच्या छबीचा चांदीचा टाक करून दिला होता. अखात्रीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या दिवशी, तो देवघरातल्या नव्या कपाटात बसवायचा. तोवर टाक तांदळाच्या डब्यात होता आणि सून रूपाली भात लावताना डब्याला नमस्कार करत होती.

कपाट मुलगा दत्ताजी करत होता. बापलेक दोघंही फर्निचरच्या कामातले. लाकूड मात्र मऊ पाइनचं, मशीनच्या खोक्यातून निघालेलं. म्हाताऱ्यानंच आपल्या कपाटासाठी माळ्यावर जपून ठेवलं होतं. जन्मभर सागवानात हात, आणि जाताना ही लहर.

"फळी तडकली," दत्ताजी दार बघून आला. "या उन्हानं रानाला भेगा पडल्यात आई. तिथं कोण रागावलंय?"

"रान कुणाचं घर नाही. फुटक्या दाराआड मी त्यांना बसवायची नाही. फुटक्या कपातून चहा घेतला नाही कधी त्यांनी."

खरं तर पहिलं दार चांगलं झालं होतं. मधल्या फळीला चारी बाजूंनी उतार, पातळ कडा चौकटीच्या खाचेत मोकळ्या. पण घरामागच्या रुळांवरून मालगाडी गेली की फळी खाचेत वाजायची, टक् टक्. भूक लागली की फत्तेसिंहराव दारावर असंच बोट वाजवायचे. चिमणाबाईंना जेवण जाईना. मग दत्ताजीनं खाच डिंकानं भरली, वर खिळे ठोकले. फळी फुटली. दुसरी बसवली, तीही आज गेली.

"ऊन लागलं की हे लाकूड आक्रसतं," तो म्हणाला. "जखडलं की फुटणारच. मोकळं ठेवू दे."

"मग वाजेल."

"वाजेल थोडं."

"म्हणजे ते."

"म्हणजे फळी, आई."

"अहो, मामंजी असले तर असू द्या की," रूपाली म्हणाली. "फुटण्यापेक्षा वाजलेले बरे."

चिमणाबाईंनी ताट बाजूला सारलं. मग उठल्या, डिंकाची बाटली पदराखाली घेतली. "चौकटीच्या सांध्यांना लागेल तेवढाच देईन. बाटली माझ्याकडंच राहील. नाहीतर मीच पुन्हा चिकटव म्हणायची."

एकच फळी उरली होती. दत्ताजीनं तिच्या कडेला एक टाकाऊ तुकडा घट्ट आवळला, म्हणजे रंधा बाहेर पडताना टोक उडायचं नाही. आधी लाकडाच्या रेषांना आडवा उतार काढला, मग उभा. गाठीपाशी रंधा अडला. मानेवर तंबाखूचा ऊन वास आला, वडील मागं उभे राहिले की यायचा तसाच. त्यानं मागं वळून बघितलं नाही. गुपचूप फळी फिरवली आणि उलट्या बाजूनं हलका हात दिला. गाठ गुळगुळीत निघाली.

अखात्रीजेला टाक बसला, दार लागलं. फळी अखंड होती. रूपाली पानं मांडत होती तेवढ्यात आतून आवाज आला, टक् टक्.

"आले," चिमणाबाई दाराकडं बघून म्हणाल्या. "आमरस गाळतेय. हात दोनच आहेत मला."

गाडी गेली नव्हती. झाडाचं पानही हलत नव्हतं. दत्ताजीच्या हे ध्यानात आलं. त्यानं देवापुढची नैवेद्याची वाटी उचलली आणि आईच्या पातेल्याशी जाऊन उभा राहिला.