पुस्तकांचा फ्रिज

मित्रांनो, मी परदेशातल्या पॉइंट कुक नावाच्या उपनगरातला एक जुना फ्रिज आहे. उमेदीची वर्षं श्रीखंड आणि कोथिंबीर सांभाळण्यात गेली. मग मोटर जळली आणि लॉकडाऊनमध्ये भंगार न्यायलाही कुणी येईना. लायब्रऱ्या बंद होत्या. तेव्हा माझ्या मालकिणीने, सुचित्राने, मुलं आत अडकू नयेत म्हणून माझं दार काढून हलकं काचेचं बसवलं आणि मला अंगणाच्या कडेला उभं करून मराठी वाचनालय केलं.

लोकांनी पुस्तकं दिली ती जाडजूड, कोरी करकरीत. आपल्या माणसांची ही खोडच आहे, चारचौघांत द्यायचं ते दिवाणखान्यातलं. सुचित्रानेही ती मोठ्या मानाने लावली. मी फुशारलो, पण नेणारा कुणी फिरकेना.

शेजारच्या हृषिकेशचे वडील मुरलीधरकाका लॉकडाऊनआधीच लेकाकडे आले होते आणि विमानं बंद झाल्याने अडकून पडले. इकडे असतानाच त्यांचा धाकटा भाऊ सांगलीत वारला. तेव्हापासून ते घरात कुणाशी बोलत नव्हते. रोज येत, माझं दार उघडत आणि तसंच लावत.

"काका, यातलं काहीच नको?" सुचित्राने मास्क सावरत विचारलं.

"चांगली आहेत गं. पण वाचवत नाहीत. आम्ही दोघं भाऊ वाचायचो ती पुस्तकं वाचून वाचून फाटलेली असायची. तसलं काही असलं तर बघ."

सुचित्राने मला लगेच रिकामं केलं आणि ग्रुपवर मेसेज टाकला, "शोभेची नकोत. जेवताना वाचलेली द्या. हळदीचे डाग असतील तर बेस्ट."

मग पाठ निघालेली, पानं दुमडलेली पुस्तकं आली. सुचित्रा प्रत्येक पुस्तक ओट्याशी उभ्याने, मधूनच वाचायला घ्यायची. गॅसवरचं दूध उतू गेलं की पुस्तक पास. अशी पारख मी जन्मात पाहिली नव्हती. शेवटी तिने स्वतःच्या उशाजवळचं विनोदी पुस्तक आणलं. माझ्यात ठेवलं, परत घरात नेलं, आणि पुन्हा आणून ठेवलं. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला.

काका आले आणि ते पुस्तक तिथेच उभ्याने वाचू लागले. आधी खुदकन हसले, मग मोठ्याने. त्यांची नात चिन्मयी दारातून म्हणाली, "डॅड, कम क्विक. आजोबा इज लाफिंग."

हृषिकेश मीटिंग सोडून धावत आला.

"बस इथे," काका त्याला म्हणाले. "तुझा सांगलीचा काका हे कसं वाचायचा, ते ऐक."

मित्रांनो, पुस्तक द्यायचं तर देताना जीव तुटेल असं द्या. सुचित्राचं पुस्तक काकांनी अजून परत केलेलं नाही, आणि ती मागतही नाही.