ओळखीचा टाका

वहिनी गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानात शिवणकामाला होती. दिवसभर रेक्झिन आणि फोमशी झटापट करून घरी आली, की नणंद मोबाइल घेऊन मागेमागे. नणंदेला घरात सगळे चिमी म्हणत.

"वहिनी, ही बघ ना! गेममधली शिकारीण. मला हिच्यासारखं नटून कॉस्प्लेच्या स्पर्धेत उतरायचंय. करशील ना गं सगळं?"

गेममधलं वहिनीला ओ की ठो कळत नव्हतं. पण चित्र बघताच तिचे हात शिवशिवले. या घरात आल्यापासून उशांचे अभ्रे आणि पडदे यापलीकडे तिच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं.

चिमीच्या डोक्याच्या मापाची जाळीची टोपी शिवून तिने त्यावर तांबडे केस क्रोशाच्या सुईने गाठी मारत बसवले. पहिल्यांदा भांग एवढा रुंद पडला की चिमी म्हणाली, "ही शिकारीण नाही, तिची आजी वाटतेय." वहिनीने हसत सगळं उसवलं आणि पुन्हा बसवलं. दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांची खवल्याखवल्यांची पिशवी झाली. रेक्झिन कडेला फाटू नये म्हणून तिने स्वतःच एक उलटा दुहेरी टाका शोधून काढला होता, तो पिशवीला सगळीकडून घातला. प्लॅस्टिकच्या नळीवर फोम चढवून भाला केला. त्यात गरम गोंदाने बोट भाजलं. रंग दिल्यावर मात्र तो अस्सल लोखंडाचा वाटू लागला.

"युद्धावर निघालंय का कुणी?" सासूबाई म्हणाल्या.

हाताने केलेल्या पोशाखाचं पहिलं बक्षीस चिमीला मिळालं. "हे सगळं कुणी केलं?" निवेदकाने विचारलं.

"मीच," चिमी म्हणाली. "रात्ररात्र जागून."

समोर बसलेल्या वहिनीच्या टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या.

घरी चिमीने तिचा हात धरला. "अगं, स्वतः केलेलंच लागतं, असा नियम आहे. तुझं नाव घेतलं असतं तर बाद झाले असते."

"बक्षीस घरातच आलंय ना?" नवरा म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेतेस?"

पुढच्या वर्षी वहिनीने स्वतःसाठी पोशाख करायला घेतला. त्याच गेममधली म्हातारी नावाडीण: पांढरा विग, मासळीच्या आकाराची पिशवी, टोकाला पातं असलेलं वल्हं. "या वयात?" एवढंच नवऱ्याने विचारलं.

त्या वर्षी चिमी आधीची विजेती म्हणून परीक्षकांत बसली होती. तिच्या शेजारच्या चष्मेवाल्या बाईंनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. "हा टाका गेल्या वर्षीच्या विजेतीचा आहे. तुम्ही नक्कल केलीत."

"टाका माझा आहे," वहिनी म्हणाली.

बाईंनी चिमीकडे पाहिलं. चिमी गोड हसून म्हणाली, "माझी वहिनी आहे ती. माझं बघूनबघूनच शिकली. पण छान केलंय हं!"

वहिनीची कानशिलं तापली. "तिच्या हातात सुई द्या," ती म्हणाली. "नुसता दोरा ओवून दाखवू दे."

चिमीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. "घरची भांडणं घरी करा हो," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या स्पर्धकाला बोलावलं.

वहिनी वल्हं घेऊन बसने घरी आली, तोवर चिमीचा फोन येऊन गेला होता.

"चारचौघांत पोरीला रडवलंस," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेतलं.

काही महिन्यांनी चिमीला विग करायला शिकवण्याच्या वर्गाचं बोलावणं आलं. ती वहिनीच्या दारात घुटमळली. "केस बसवायचे कसे, ते एकदाच दाखव ना."

"तूच तर शिकवलंस मला," वहिनी म्हणाली. "मी विसरले."

चिमीने दुसरीकडून कुठूनतरी शिकून घेतलं. वर्ग बरा चाललाय म्हणतात. दोघी अजून एकाच घरात राहतात. गॅस संपला, पाणी गेलं, एवढंच बोलतात.