दहा सारखी रीडिंगं

हल्ली मोबाइलवर सेकंदाचा हजारावा भागही दिसतो म्हणे. आमच्या वेळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाताने दाबायचं स्टॉपवॉच होतं, आणि ते जिवापाड जपणारे माझे आप्पा. आप्पा तिथे मदतनीस होते. लंबक टांगणं, कपाटाच्या किल्ल्या, परीक्षेची मांडामांड, सगळं त्यांच्याकडे. त्यांचा काय रुबाब होता तिथे! अजून आठवलं की भरून येतं.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मला लंबकच आला. वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते दहादा मोजायचं होतं. पहिली तीन रीडिंगं काही केल्या जुळेनात, तशी माझी पाचावर धारण बसली. मदतनिसाच्या मुलीला धड मोजताही येत नाही असं सगळे म्हणतील, या भीतीने मी तो कागद चुरगळला आणि दहाही आकडे मनानेच लिहिले. आकडे एकमेकांपासून किती पांगलेत ते सांगणारं प्रमाण विचलन आलं शून्य पॉइंट शून्य एक. मी बावळट, मनातल्या मनात खूश!

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. हाताने घड्याळ दाबणाऱ्याला इतकं नेमकं जमूच शकत नाही, हे आकडे आधी कुणीतरी पुरवलेत, असं म्हणून ते थेट आप्पांकडे वळले. तुमचीच मुलगी ना, असं विचारलं. एकवीस वर्षांची नोकरी जायची वेळ आली. आप्पा नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, आप्पांनी काही दिलेलं नाही," मी म्हणाले. "मी मनानेच लिहिलंय सगळं."

मी नापास झाले, वर्ष गेलं. आईने बोलून बोलून जीव नकोसा केला. आप्पांनी मात्र तो विषय कधी काढला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रयोग आला. या खेपेला जे आलं ते लिहिलं आणि घरी येऊन आप्पांना सांगितलं, विचलन शून्य पॉइंट अठरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातल्या कारकुनापासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांना गाठून तो आकडा ऐकवला. कॅन्टीनवाल्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने बिचकतच विचारलं, हे जास्त आहे की कमी?

"पहिल्यापेक्षा अठरापट जास्त," आप्पा छाती फुगवून म्हणाले. "दहाच्या दहा तिने स्वतः मोजलीत."