नारळ सोसणारी चिप

अमरावतीच्या त्या कॉलेजात एसी एकाच खोलीत होता: प्रा. देवश्रींच्या प्रयोगशाळेत. प्राचार्यांच्या केबिनमध्ये पंखा होता. त्यामुळे विज्ञानाला तिथं शत्रू होते.

एसी चिपसाठी होता. या चिपमध्ये विजेऐवजी प्रकाश गणित करतो. त्यानं कुठं वळायचं हे नखाएवढ्या जागेतले शेकडो हीटर ठरवतात. अडचण एवढीच की एका हीटरची ऊब शेजारच्याला लागते आणि उत्तर थोडं ढळतं. चिप मोठी केली की थोडं-थोडं करत बरंच ढळतं, संस्थेच्या कार्यकारिणीसारखं. देवश्रींनी तोड काढली होती. चिपला शिकवतानाच मुद्दाम गडबड घालायची; मग गडबडीतही ती बरोबर उत्तर देते.

आज हे बघायला संस्थेचे अध्यक्ष गजेंद्रभाऊ अकोल्याहून आले होते. पटलं तर खोली देवश्रींची, नाही तर तिथं योगवर्ग.

भाऊंनी आल्याआल्या नारळ मागवला. पूजेशिवाय त्यांनी आजवर साधी बोअरवेल सुरू केली नव्हती. समई चिपला खेटून लागली. नारळ फोडायला खोलीतली सगळ्यात मजबूत वस्तू निवडली गेली, म्हणजे चिपला जराही धक्का बसू नये म्हणून खास आणलेलं टेबल.

"सर, तिथं नको!"

"मंगल काम हाये मॅडम, काहून अडवून राह्यल्या?"

दुसऱ्या दणक्यात नारळ फुटला. पाणी टेबलाच्या कडेनं ओघळलं. देवश्रींनी डोळे मिटले.

हातानं काढलेला आकडा चिपनं ओळखायचा होता. भाऊंनी तिला जोडलेल्या टचस्क्रीनवर बोटानं सात काढला. चिप म्हणाली, सात. वेडावाकडा आठ काढला. आठ. टाळ्या पडल्या.

"म्हंजे गरमी, दणके, याले कायीच होत नाई?"

"आता बरंच सोसते, सर!" देवश्री आनंदानं म्हणाल्या, आणि तिथंच फसल्या.

"मंग एसी कायले पायजे?" भाऊ प्राचार्यांकडे वळले. "तुमच्या केबिनमंधी लावून घ्या. टेबल स्टेजवर न्या, मजबूत हाये. खोली मात्र मॅडमचीच. शब्द म्हंजे शब्द."

"आणि योगवर्ग, भाऊ?" प्राचार्यांनी नम्रपणे विचारलं.

"इथंच घ्या ना. चटया टाका मधात. सोसते म्हन्ते ना ते!"

दुसऱ्या दिवशी देवश्री चिपला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसल्या. या वेळी मुद्दाम घालायच्या गडबडीत त्यांनी कपालभातीही धरली होती.