पाच वेळा विचारून झालं

मी तापट आहे, हे आधीच सांगते. म्हणजे पुढचं समजेल.

हॉस्पिटलात डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर जुने एक्स-रे उघडणारा प्रोग्राम मी सांभाळते. अलीकडचे फोटो लगेच येतात. फार जुने मात्र तळघरातल्या साठ्यात टेपवर असतात. ते मागितले की साठ्याचं मशीन कळवतं, 'आत्ता नाही, थोड्या वेळाने विचारा.' यात बिघाड काही नसतो, ते बिचारं टेप शोधत असतं. प्रोग्रामने गप थांबायचं आणि पुन्हा विचारायचं, एवढंच.

पण स्क्रीन अडकली की डॉक्टर फोन करून माझं डोकं खायचे. वर्षभरापूर्वी एका सकाळी असे अकरा फोन आले. माझं डोकंच सटकलं. तिरीमिरीत प्रोग्राममध्ये लिहून टाकलं: पाच वेळा विचार, नाही आला तर सोड. सोडायचं म्हणजे स्क्रीनवर दाखवायचं काय? ज्यांचा जुना एक्स-रेच नसतो त्यांच्यासाठी 'आधीचा फोटो नाही' ही ओळ तयारच होती, तीच लावली. फोन बंद झाले. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मीही चांगलीच फुशारले.

मग माझ्या नणंदेच्या छातीत डाग निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी एक्स-रे काढला होता?"

"इथेच की! नोकरीला लागताना. नऊ वर्षं झाली," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी शोधलं. नव्हता. "तो असता आणि डाग तेव्हाही एवढाच दिसला असता, तर मी हातसुद्धा लावला नसता," ते म्हणाले. "आता मात्र वाट बघणं बरं नाही."

ताई माझ्याकडे वळल्या. "अगं, तू तरी सांग ना यांना."

आणि मी काय सांगावं? "ताई, मशीनला सापडत नाही म्हणजे नाहीच तो. दुसरीकडे कुठेतरी काढला असेल तुम्ही."

उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. रिपोर्ट आला, साधी जुनी गाठ, घाबरण्यासारखं काही नाही. नवरा तिथेच खुर्चीत बसून रडला, आनंदाने. ताईंना आम्ही आमच्याकडे आणलं. आता चार पायऱ्या चढल्या की त्या कठड्याला धरून उभ्या राहतात. पण हेका काही सोडला नाही, "फोटो काढला होता मी, इथेच काढला होता."

तिसऱ्या आठवड्यात मी वैतागले. एकदाचं त्यांचं तोंड बंद करावं म्हणून ऑफिसात प्रोग्राम बाजूला ठेवला आणि थेट साठ्याकडे त्यांचा पेशंट नंबर टाकला. स्क्रीन अडकली. मी चहा घ्यायला गेले. परत आले तर फोटो उघडलेला होता. नऊ वर्षांपूर्वीची तारीख, ताईंचं नाव आणि तोच डाग. मी दोनदा मोजला. तेवढाच होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगून काय होणार? सावरतेय ती." खोटं कशाला बोलू, त्याचं ऐकायचा मला मोह झाला. तीन दिवस ऐकलंही. चौथ्या दिवशी दुपारी ताई माझ्याच मुलीच्या फ्रॉकला बटण लावत बसल्या होत्या, ते बघून मला राहवेना.

सगळं सांगितलं. अकरा फोन, ती ओळ, ते कौतुकसुद्धा. त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली.

"म्हणजे मला उगाचच कापलं."

"हो."

मला वाटलं, आता एक सणसणीत थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं वाटलं असतं. पण मलाच हुंदका फुटला.

"थांब गं, रडू नकोस. अजून कुणाकुणाला सांगितलंय तुझ्या प्रोग्रामने असं, फोटो नाही म्हणून?"

तीन दिवस माझ्या डोक्यात फक्त ताई होत्या, आणि मला त्या किती बोलतील हे होतं.

"आणि बंद केलंस ना ते? की आजही तसंच सांगतोय?"

"आजही," मी म्हणाले.

ताई भिंतीला धरून उठल्या. त्यांना धाप लागली. टेबलावरचा माझा फोन उचलून त्यांनी माझ्या हातात कोंबला.

"लाव हॉस्पिटलला. माझ्यासमोर लाव."