एकोणीस तक्ते

सरकारी खरेदी करणाऱ्यांना बाजार कसा पारखावा हे शिकवण्यात मास्तरांची बावीस वर्षे गेली होती. प्रशिक्षण केंद्रात ते सगळ्यांचेच मास्तर. तंत्रनिकेतनात घडलेला माणूस. तक्ता आखल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हवी ती वस्तू बाजारात कोण बनवतो, कशासाठी बनवतो, ती किती टिकते आणि जो ती रोज हाताळणार त्याची गरज काय, हे चार रकाने भरल्याखेरीज निविदा काढायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. कोरा तक्ता समोर आला की लोक गांगरत. म्हणून ते नमुन्यादाखल एक भरलेला तक्ता वाटत. इंधनाच्या कोठारासाठी गॅस ओळखणारे यंत्र घ्यायचे होते, तेव्हा त्यांनी स्वतः चपला झिजवून केलेली ती पाहणी होती.

मंगळवारी सकाळी त्यांची भाची फाइल छातीशी धरून त्यांच्या खोलीत आली. ती मलनिस्सारण खात्याची खरेदी सांभाळत असे. चार दिवसांपूर्वी तिच्या खात्यातले दोन कामगार सांडपाण्याच्या विहिरीत उतरले आणि गुदमरून मेले. गॅस ओळखणारे यंत्र कमरेला होते, चालूही होते. पण वाजले नव्हते.

"यंत्र बिघडलेलं नव्हतं, मामा," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "ते फक्त पेट घेणारा गॅस ओळखतं. विहिरीतला विषारी गॅस त्याच्या गावीही नाही."

"मग घेतलंस कशाला ते? पाहणी केली नव्हतीस?"

तिने फाइल उघडून पुढे सरकवली. मास्तरांनी चष्मा लावला. चार रकाने, स्वच्छ अक्षर. चौथ्या रकान्यात लिहिले होते: 'कोठाराचा मुकादम म्हणतो, यंत्र वजनाला हलके असावे.'

"तुमच्या खात्यात कोठार कुठून आलं?" असे विचारता विचारता त्यांचे बोट त्या ओळीवर थबकले. "हा तर माझा तक्ता!"

"वर्गात मी हाच उतरवून दिला होता. तुम्ही खाली 'उत्तम' असा शेरा मारलात. मला वाटलं, मामांनी पाहिलेला बाजार, त्यात मी आणखी काय दिवे लावणार?"

"अगं, तो नमुना होता."

"मग उत्तम काय होतं त्यात?"

मास्तरांना आठवले, ते तपासताना रकाने भरले आहेत का, एवढेच पाहत. गठ्ठा हातावेगळा करायची घाई असे.

"मला निलंबित केलंय," ती म्हणाली. "गुन्हाही नोंदवताहेत. आईला अजून सांगितलं नाही. माझी चूक मी नाकारत नाही. पण चौकशीत तुम्ही 'हिला सगळं शिकवलं होतं' असं लिहून दिलंत, तर सगळं खापर माझ्या एकटीच्या डोक्यावर फुटेल."

बोलणे संपते न संपते तोच चौकशी अधिकारी दारात उभे. त्यांच्या हातात छापील जबाब होता. "मास्तर, एका ओळीचं काम आहे. प्रशिक्षण पूर्ण झालं होतं, म्हणून सही करा, की तुम्ही मोकळे."

"पूर्ण झालं नव्हतं. शिकवलं मी, पण तपासलं नाही."

अधिकाऱ्यांनी भाचीकडे एक नजर टाकली. "तुमच्या बहिणीची मुलगी ना ही? लोक म्हणतील, मामाला पुळका आला."

मास्तर उठले. कपाटातून त्यांनी भाचीच्या तुकडीचा गठ्ठा काढला आणि टेबलावर एकेक कागद मांडू लागले. एकोणीस खरेदीदार, एकोणीस गावे आणि सगळेच मलनिस्सारणाचे. पाचव्या कागदापाशी मांडणे सोडून त्यांनी उरलेले भराभर चाळले. सगळीकडे तोच मुकादम, तेच हलके यंत्र आणि त्याखाली त्यांच्याच अक्षरात 'उत्तम'.

"हे दाखवून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय," अधिकारी पुटपुटले.

पण मास्तर कुठे ऐकत होते? त्यांनी फोन ओढून घेतला आणि पहिल्या कागदावरचा कार्यालयाचा नंबर फिरवायला घेतला.

"अहो, आधी जबाब!"

"जबाब कुठे पळून जात नाही, साहेब. तिकडे माणसं विहिरीत उतरत असतील."

पहिल्या कार्यालयात खरेदी व्हायची होती. दुसऱ्या ठिकाणी यंत्रे आली होती, पण अजून खोक्यातच होती. तिसऱ्या ठिकाणचा कारकून म्हणाला, "लेखी कळवा, मग बघू." त्यावर, उभ्या आयुष्यात वर्गात आवाज न चढवलेले मास्तर असे ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक दाराशी आले. चौथा आणि पाचवा ताबडतोब काम थांबवतो म्हणाले.

सहाव्याने आवाज ओळखला. "मास्तर! तुमची निवड म्हणजे निवड! फार गुणी यंत्र. वर्ष होत आलं, एकदासुद्धा कुरकुरलं नाही."

"आत्ता कुठे आहे ते?"

"आत्ता? खालीच. दोघं उतरलेत मघाशी."

"वर ओढा त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आदळला. धावणारी पावले ऐकू आली आणि मग नुसतीच खरखर. अधिकाऱ्यांनी पेनाचे टोपण लावले.

बऱ्याच वेळाने धापा टाकणारा आवाज आला. "मास्तर, एकाला काढलं. श्वास चालू आहे."

"आणि दुसरा?"

उत्तर आले नाही. दूरवर कोणीतरी दोर मागत होते.

भाची एवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती. आता तिने स्वतःचा मोबाइल काढला आणि ती टेबलाशी येऊन बसली.

"सातवा नंबर सांगा, मामा."

रिसीव्हर कानाला तसाच धरून मास्तरांनी मोकळ्या हाताने सातवा कागद ओढला आणि एकेक आकडा वाचायला सुरुवात केली.